दुसऱ्या भागातली नदी

"चित्रकलेत पैकीच्या पैकी," टॉकीजच्या पायऱ्या उतरताना सुनंदाबाई म्हणाल्या. "निबंधात काठावर पास."

मृणाल हसली. आईने बत्तीस वर्षं सौंसरजवळच्या रामाकोन्याच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतला होता. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी तिचं बोलणं अजून गुणांमध्येच चाले. पण आज मृणालला ते हसून सोडून द्यायचं नव्हतं. सुपरहिरोच्या सिनेमाच्या या दुसऱ्या भागातली दृश्यं पुण्याच्या ज्या स्टुडिओत तयार झाली, तिथेच ती काम करत होती. हिरो अख्खी नदी पात्रातून उचलून आभाळात धरतो, ती नदी तिने केली होती. चौदा महिने खपून. आता तिसऱ्या भागाची सगळी दृश्यं तिच्याकडे सोपवायची स्टुडिओची तयारी होती, आणि आज पाच वाजेपर्यंत तिला उत्तर द्यायचं होतं. त्याआधी तिला हा सिनेमा आईसोबत, सौंसरच्या लोकांत बसून पाहायचा होता.

नदी उचलली तेव्हा टॉकीजमधली माणसं खुर्चीतून पुढे सरकली होती. मग शिट्ट्या. मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "गोटे पाह्य, कसे ओले दिसून राहिले." ते गोटे मृणालने कन्हानच्या पात्रात उन्हातान्हात फिरून टिपले होते.

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात दोघींनी आलूबोंडे मागवले. नागपूरच्या बसला अर्धा तास होता.

"नदी कशी वाटली ते सांग," मृणाल म्हणाली. "खरं खरं."

"नदी एकदम खरी. अंगावर पाणी उडते का काय, असं वाटलं मले. असं मी जन्मात पाह्यलं नाही." सुनंदाबाईंनी आलूबोंडा मोडला. "पण भेव नाही वाटलं."

"का?"

"पहिल्या भागात तो हिरो वायरमन होता न? खांबावर चढताना त्याचे पाय लटलट कापत. आता पडते, मग पडते, म्हणून मी खुर्ची धरून बसली होती. यात तो सारा वेळ उडूनच राहिला. त्यालेच कायचं भेव नाही, त मी कायले भिऊ?"

"कथा लिहिणारे वेगळे असतात, आई. माझ्याकडे फक्त दिसण्याचं काम."

"मग दिसण्याचंच विचारते. काठावर गाव होतं. घरं होती, गुरं होती. माणसं कुठं गेली? एवढी नदी वर गेली, त एखादी बाई घागर टाकून पळाली नाही, कोणी लेकराले हाक मारली नाही."

मृणालने हातातला घास बशीत ठेवला.

"होत्या बाया," ती म्हणाली. "अकरा जणी. घाटावर धुणं धूत होत्या. नदी उठते तेव्हा एकीच्या हातातलं लुगडं पाण्यासोबत वर जाते, आणि ती काही ते सोडत नाही. मीच केल्या होत्या. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, नजर नदीवर राहिली पाहिजे, बायांकडे जाते. काढून टाक."

"मग?"

"काढल्या. एका दुपारात."

सुनंदाबाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. वर्गात एखाद्या पोराने आपली चूक आपणच दाखवली की त्या त्याला रागावत नसत.

मृणालने हात पुसले आणि स्टुडिओतल्या तिच्या वरिष्ठांना, प्रतीक सरांना फोन लावला.

"सर, तिसरा भाग मी करीन. पण एक आहे. कथेवर चर्चा होते त्या बैठकांत मला पहिल्या दिवसापासून बसायचंय."

पलीकडून ते बराच वेळ बोलत राहिले. ती ऐकत होती.

"हो, वेळ जास्त लागेल," ती म्हणाली. "लोक नदी पाहायलाच येतात, हेही खरं. आज मी त्यांच्यात बसले होते. भरपूर शिट्ट्या पडल्या. पण बाहेर पडताना जो तो नदीबद्दल बोलत होता. हिरोचं नाव कोणी काढलं नाही. तुम्ही वर विचारून सांगा. माझं उत्तर हेच आहे."

तिने फोन पर्समध्ये टाकला.

"नाही म्हणाले त?" आईने विचारलं.

"त नाही म्हणू दे. नदी करता येते मले. काम कुठंही भेटते."

तिच्या बोलण्यात आता पुणं कुठंच नव्हतं.

बस आली. मृणालला खिडकीची जागा मिळाली. सुनंदाबाई खाली उभ्या होत्या. कंडक्टरने घंटी दिली, तशी त्यांनी पुढे येऊन खिडकीच्या दांड्यावर हात ठेवला.

"तिसऱ्या भागात बाया टाकशील न?"

"टाकीन."

"त त्याइच्यात एक म्हातारी ठेवजो."

बस हलली. सुनंदाबाई तिच्यासोबत चार पावलं चालल्या आणि इंजिनाच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून वर्गातल्यासारखा आवाज चढवून म्हणाल्या,

"पळता न येणारी."