बिनरेट्याचा स्क्रम

मानेवर बर्फ धरून तो बाकावर बसला होता. त्याच्या जागी उतरलेला नवा प्रॉप लंगडत बाहेर आला, तसा कर्णधार धावत आला.

"दादा, उठा. रेटूनच जिंकू आता."

पहिल्या फळीत खांदा लावणारा तयार प्रॉप नसला, तर रग्बीत स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटायची झुंज, बिनरेट्याचा होतो; कुणी ढकलायचं नाही. पंचांनी विचारलं, "मान ठीक आहे?"

देशाकडून खेळताना तो इतकी वर्षं 'हो' म्हणत आला होता. आज डाव्या बोटांना बर्फाचा गारवाही कळत नव्हता.

"नाही जमणार."

कर्णधार मैदानाकडे वळला. दोन्ही संघ नुसते वाकून उभे राहिले. सामना हातचा गेला.

शिट्टीनंतर समोरच्या संघाचा जुना, आता निवृत्त प्रॉप शेजारी येऊन टेकला. पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "बरं झालं, नाही म्हणालास. हे झाकण उघड जरा. माझ्या बोटांना जमत नाही हल्ली."