दर तासाची प्रत

"नागपूर फार लांब पडेल गं तुला," पोह्यांवर लिंबू पिळत नवरा म्हणाला. तिने हातातला घास परत ताटलीत ठेवला. तिथल्या नोकरीचा अर्ज तिने कुणालाच दाखवला नव्हता. पाठवल्यावर फाइल पुसूनही टाकली होती.

तो ऑफिसला गेल्यावर तिने आपल्या लॅपटॉपवर कमांड टाइप करायची टर्मिनलची खिडकी उघडली आणि आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी काढली. त्यातली एक ओळ दर तासाच्या ठोक्याला तिच्या सगळ्या फाइली नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाठवत होती. "तुझं काही हरवायला नको, बॅकअप लावून देतो," लग्नानंतर तो किती लाडाने म्हणाला होता!

तिने ती ओळ काढून टाकली. अकरा वाजता ओळ परत हजर. पुन्हा काढली, बाराला पुन्हा आली. त्याच्या कॉम्प्युटरवरून सेटिंगचीही प्रत इकडे उतरत होती.

मग तिने ओळ तशीच राहू दिली. नवी फाइल उघडली आणि लिहिलं, "नागपूर लांब आहे, म्हणूनच निघाले." बॅग भरून पायात चपला सरकवल्या. लॅपटॉप मात्र मुद्दाम चालू ठेवला. एक वाजताची प्रत त्याला मिळायला हवी होती.