वंदना मागं हटत नसते

मोबाईलवरचा लढाईचा गेम मी मुद्दाम सगळ्यात अवघड ठेवला होता. त्यात मेलेला सैनिक कायमचा जातो, परत कधीच येत नाही. आणि आता शेवटच्या गडाच्या दारात माझी लाडकी सरदार, मीच नाव दिलेली वंदना, शत्रूंच्या घेऱ्यात सापडली होती, जीव अगदी नखभर उरलेला.

"शाले, सोपं करून टाक, त्यात मेलेले परत येतेत," भोकरदनहून आलेला सुग्रीवदादा खिदळला. "न्हाई तर वंदना गेलीच समज."

"सोपं तू खेळ! माझी वंदना जात नसते."

"मंग मागं तरी घे तिला, येडे. उषाकाकू, सांगा की हिला!"

भाकरी थापता थापता आई तशीच पिठाच्या हातानं उठून आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"मागं न्हाई," ती म्हणाली. "पुढं घाल तिला."

घातली! वंदनानं वार केला, गडाचं दार फुटलं, आणि आम्ही दोघी अशा ओरडलो की दादाच्या हातातला चहाच सांडला.

&nbsp;

लग्नात बाबांनी तांदळात अंगठीनं 'उषा' लिहिलं, त्याआधी आईचं नाव वंदना होतं.