अकरा अनोळखी

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी जगाच्या कानाकोपऱ्यातले अकरा जण एकदम नाहीसे झाले.

चोरकप्प्याने डोळे चोळले. पडद्यावरची यादी पुन्हा मागवली. अकराच्या जागी शून्य. तो ज्यांच्याशी आपणहून जोडून घ्यायचा, ती मशिनं जागच्या जागी होती. त्याच्याकडे येणारी तेवढी गेली होती, आणि तीही एका मिनिटात.

चोरकप्पा हे काही त्याचं नाव नव्हे, पण इमारतीत त्याला सगळे तेच म्हणत. पोटापाण्यासाठी तो प्रिंटर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात संशय घ्यायचा. आत्याच्या घरातल्या कोठीच्या खोलीत, रिकाम्या डब्यांच्या मागे, तो एक नोड चालवत होता. कुणी कुणाला किती दिले ते कुणालाच दिसू नये, असं एक डिजिटल चलन असतं. त्याचा कारभार बँक पाहत नाही, लोकांच्या घरातली हजारो मशिनं पाहतात. चोरकप्प्याचं त्यातलं एक. शिवाय ते कुणाशी थेट बोलत नसे. त्याचा प्रत्येक शब्द निदान तीन परक्या देशांतून फिरून मगच पुढे जाई. कोण बोलतंय आणि कुठून, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळू नये असा बंदोबस्त होता.

खोलीच्या खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता. दिवा तो लावतच नसे. मशीन बॅटरीवर चाले, आणि वीज गेली की ती बॅटरी जी पीपी करते, तिची तार त्याने स्वतःच्या हाताने कापून टाकली होती. आवाजावरून माग लागायला नको.

आणि हे अकरा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या नोडला कुत्रं विचारत नव्हतं. महिनाभर तो धड जेवला नव्हता. मग एकेक करत हे आले आणि टिकले. त्यांची नावंगावं कळणं शक्यच नव्हतं, पण माणूस सवयींवरून ओळखता येतो अशी त्याची खात्री होती. रोज दुपारी दोन ते चार गायब होणारा बोटीवर असणार. रविवारी हमखास रखडणारा डोंगरातल्या लष्करी ठाण्यावर. दिवसातून दहादा पाच-पाच मिनिटं गडप होणारी ती तर नक्कीच कुठल्या हुकूमशहाच्या देशातली पत्रकार. पोलीस जिन्यात आले की मशीन उशीखाली ढकलत असेल बिचारी. तिच्यावर त्याचा जीव जडला होता.

इमारतीतल्या लोकांकडे मात्र तो मान वर करून पाहत नसे. यांना माउस कुठून धरायचा ते कळत नाही, असं तो रोज जेवताना आत्याला ऐकवायचा. आत्याला तो सगळंच ऐकवायचा. मशीन कसं बसवायचं, गुप्त पत्ता कुठे टाकायचा, घोडं कुठे अडतं. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्याला माहीत होतं. पण जे तिला कळतच नाही, ते ती पसरवणार कसं?

आता अकराही जण पकडले गेले होते. आपल्याच कुठल्यातरी चुकीपायी. त्याला रडू फुटलं. मग त्याने नाक पुसलं, डिस्क उपसून फरशीवर ठेवली आणि हातोडी उचलली. तीन वर्षांचं काम होतं तिच्यात. पण पकडणारे इथे पोचायच्या आत तिचा भुगा व्हायला हवा होता.

दार उघडलं. हातात टॉर्च घेऊन आत्या उभी होती.

“काय करतोयस रे?”

सगळे सापडले, आता आपली पाळी, चप्पल घाल आणि नीघ, असं त्याने एका दमात सांगितलं.

“कोणी सापडलं नाही,” आत्या म्हणाली. “लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने मेन स्विच पाडलाय. पंधरा मिनिटांत येतील सगळे परत.”

“कोण सगळे?”

आत्याने टॉर्च विझवला. चोरकप्प्याने हातोडी खाली ठेवली, डिस्क जागेवर बसवली आणि मशीन चालू केलं. तेवढ्यात लिफ्ट घरघरली. यादीत एक आला. मग चार. मग पुरते अकरा.

आत्या एका डब्यावर बसली आणि कबूल करत गेली. बोटीवरचा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर. झोपताना त्याला मशीनचा दिवा डोळ्यावर येतो. लष्करी ठाणं म्हणजे वरच्या मुख्याध्यापिकाबाई. रविवारी नातवंडं त्यावर खेळ लावतात. आणि ती पत्रकार म्हणजे तळमजल्यावरचा इस्त्रीवाला. त्याच्याकडे प्लग एकच आहे.

“बसवली कुणी ही?”

“मीच. तू सांगायचास तशी.”

चोरकप्पा डोकं धरून बसला. तीन देश हिंडून सगळं याच इमारतीतून येत होतं. कान लालबुंद झाले होते, आणि इस्त्रीवाल्याच्या बाबतीत तर त्याला काय वाटावं तेच कळेना. शेवटी त्याने विचारलं, एवढ्या जणांना ठाऊक होतं, तर तीन वर्षांत एकानंही त्याच्यापुढे चकार शब्द कसा काढला नाही?

“मीच बजावलं होतं प्रत्येकाला,” आत्या म्हणाली. “म्हटलं, त्याला वाटू दे, आपल्याला कुणी ओळखत नाही.”