लॉकरमधली नथ

सबनीसकाका रोज सकाळी लॉकर उघडायचे आणि बँक बंद होण्याआधी पुन्हा हजर व्हायचे. जयपूरच्या त्या शाखेतल्या संगणकाला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. त्याने त्यांच्या नावापुढे लाल शेरा मारला. निर्णय व्यवस्थापक मैत्रेयीने द्यायचा होता. तिने विचारताच काकांनी खिशातून मोत्यांची नथ काढली. "आमच्या हिला आता काही आठवत नाही. सकाळी मला भैया म्हणते. नथ घातली, की 'अहो'." "मग घरीच ठेवा ना!" "दारात येईल त्याला देऊन टाकते गं. परवा दूधवाल्याकडून परत आणली." "खोटी घेऊन बघा एखादी." "घेतली होती. लगेच ओळखली तिने." काका हसले. "मला विसरली, नथ नाही." मैत्रेयीने शेरा पुसला. संगणकाने शेवटचा प्रश्न टाकला: हे यापुढेही चालू राहणार का? तिने 'हो' दाबलं, आणि मनोमन हात जोडले.