झोपलेली मगर
धरणाच्या बागेत सतरंजी अंथरताच नातीने दम भरला, "आजी, आज थापा नकोत." मागच्या खेपेला इथल्याच माशाने माझी कवळी पळवल्याचं मी सांगितलं होतं. यंदा पाणी खाली गेलं होतं आणि काठाजवळच्या चिखलातून दगडी पायऱ्या वर आल्या होत्या. "त्या माझ्या माहेरच्या," मी म्हणाले. "धरणात गाव बुडालं. मधल्या पायरीवर आई माझी वेणी घालायची." सून हसली. "सासूबाई, कवळीपेक्षा ही थाप बरी जमली." नात रुसली. "ठरलं होतं ना आजी? खरं सांग." "बरं बाई, पकडलंस. ती मगर आहे, झोपलेली." "आता कशी बोललीस," म्हणत ती मला टेकून बसली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मगर उठत का नाही?" "तिच्या पाठीवर कुणाचीतरी वेणी अर्धी राहिलीय." नातीने केसांतली रिबीन सोडून माझ्या हातात ठेवली.