मेघनाची उंची

लालबागला माझा भाड्याचा गाळा आहे. जुनी कपाटं, टेबलं दुरुस्त करतो, पॉलिश मारून विकतो. कपाट आलं की आधी दार उघडून आतल्या पेन्सिलच्या खुणा घासून काढतो. चाळीतल्या लोकांनी तिथे पोरांची उंची लिहिलेली असते. दुसऱ्याच्या पोरांची उंची कोण विकत घेणार? मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझा हात अडखळत नाही.

नायगावहून गंगुबाई कदमांचं सागवानी कपाट आलं. दारावर एकच नाव होतं, मेघना. शेवटची खूण माझ्या छातीखाली. सगळं घासलं, पॉलिशचे दोन हात दिले.

सकाळी खुणा परत आल्या होत्या. वर एक नवीनही होती.

पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, दोन बोटं वर. आठवडाभर हेच चाललं. आज खूण माझ्या खांद्याला लागली. शेजारी आजची तारीख.

शेवटी गंगुबाईंना फोन केला. "आजी, मेघना आता केवढी आहे?"

"ती आठव्या वर्षीच गेली रे बाबा. का?"

मी खुणांचं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "तिला एकटीला नाही जमायचं ते. ती दाराला पाठ लावून उभी राहायची आणि मी तिच्या डोक्यावर तळहात ठेवून रेघ ओढायचे. आता कोण ओढतं?"

सकाळीच टोक काढलेली कानावरची पेन्सिल मी हातात घेतली. ती बोथट झाली होती. माझा डावा तळहात खोबरेल तेलाने चिकट झाला होता.